पाकसास प्रकरण: राष्ट्राध्यक्षाला जाब विचारण्याची लिथुआनियन रीत

६ एप्रिल २००४ रोजी विल्नियसमध्ये लिथुआनियाच्या संसदेनं, म्हणजे सेइमासनं, देशाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध तीन वेळा गुप्त मतदान घेतलं. सभागृहाच्या जागा १४१. पदावरून काढायचं तर एकूण सदस्यसंख्येच्या तीन-पंचमांश, म्हणजे ८५ मतं हवीत. हजर किती आणि गैरहजर किती, याला इथे महत्त्व नाही. पहिल्या आरोपावर बाजूनं ८६ मतं पडली, विरोधात १७. दुसऱ्यावर ८६ आणि १८. तिसऱ्यावर ८९ आणि १४. तिन्हींपैकी कुठलाही एक आरोप टिकला असता तरी पुरे होतं. निकाल लागला आणि रोलांदास पाकसास राष्ट्राध्यक्ष उरले नाहीत. सभापती आर्तुरास पाउलाउस्कास यांच्याकडे हंगामी कारभार गेला. महाभियोगाची घटनेत लिहिलेली वाट शेवटपर्यंत चालून राष्ट्रप्रमुखाला पदावरून काढल्याचं युरोपातलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं.

सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या देशांच्या घटना चाळल्या तर महाभियोगाचं कलम बहुतेक सगळीकडे सापडतं. ते वापरात आलेलं मात्र क्वचितच दिसतं. रशियात मे १९९९मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यावर दूमानं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, पाच आरोप मतदानाला टाकले. ३०० मतं लागत होती, ती एकाही आरोपाला मिळाली नाहीत. किर्गिझस्तानात अकायेव २००५मध्ये आणि बाकियेव २०१०मध्ये रस्त्यावरच्या उठावानं गेले, आणि २०२०मध्ये जीनबेकोव यांनी तशाच गदारोळात राजीनामा दिला. युक्रेनमध्ये २२ फेब्रुवारी २०१४ला यानुकोविच यांना दूर करणारा ठराव ३२८ मतांनी झाला खरा, पण घटनेतल्या महाभियोगाला ३३८ मतं, चौकशी आयोग आणि दोन न्यायालयांचे अभिप्राय लागत होते. ती वाट संसदेनं घेतलीच नाही. म्हणजे या भूभागात राष्ट्राध्यक्ष पदावरून गेले नाहीत असं नाही. ते विमानानं पळाले, गर्दीनं घालवले, काही तर मरेपर्यंत बसून राहिले. कागदपत्रं, सुनावणी, साक्षी, अभिप्राय आणि मतमोजणी अशा रटाळ मार्गानं गेलेले पाकसास म्हणूनच बारकाईनं बघण्यासारखे आहेत.

आधी माणूस कोण ते सांगतो. पाकसास मूळचे विमानचालक, तेही हवाई कसरतींचे. त्यात त्यांनी नाव कमावलं होतं. पुढे विल्नियसचे महापौर, दोनदा पंतप्रधान. १९९९मध्ये देशातला मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प एका अमेरिकी कंपनीला देण्याच्या करारावर सही करायला नकार देऊन त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, आणि त्या नकारानं त्यांना लोकांत जी पत मिळाली ती बरीच वर्षं पुरली. २००२च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वाल्दास अदामकुस बरेच पुढे होते. पण ५ जानेवारी २००३च्या दुसऱ्या फेरीत पाकसास सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकले. खेड्यापाड्यांतला आणि छोट्या गावांतला मतदार, स्वातंत्र्यानंतरच्या भरभराटीत आपल्या वाट्याला काही आलं नाही असं वाटणारा, त्यांच्यामागे होता. २६ फेब्रुवारीला त्यांनी शपथ घेतली. या शपथेकडे लक्ष ठेवा, पुढचा सगळा वाद तिच्याभोवतीच फिरतो.

निवडणुकीच्या खर्चाला सर्वांत मोठा हात युरी बोरिसोव यांचा होता. हेलिकॉप्टरच्या धंद्यातल्या आव्हिया बाल्तिका कंपनीचे हे मालक. सुमारे १२ लाख लितास (लिथुआनियाचं तेव्हाचं चलन) त्यांनी दिले. बोरिसोव यांच्याकडे पूर्वी लिथुआनियाचं नागरिकत्व होतं. रशियाचं घेतल्यावर ते गेलं. ११ एप्रिल २००३ला, शपथविधीला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी हुकूम क्रमांक ४० काढला आणि बोरिसोव यांना 'अपवाद म्हणून', देशासाठी केलेल्या विशेष कामगिरीबद्दल, नागरिकत्व परत दिलं. एक गोष्ट पाकसास यांच्या बाजूनंही नोंदवायला हवी: याच बोरिसोव यांना २००१मध्ये अदामकुस यांनी विमानक्षेत्रातल्या कामाबद्दल सरकारी पदक दिलं होतं. 'कामगिरी' अगदीच हवेतून काढलेली नव्हती.

मग राष्ट्राध्यक्षाला नागरिकत्व देण्याचा अधिकार नव्हता का? होता. १९९२च्या घटनेच्या ८४व्या कलमात तो स्पष्ट लिहिला आहे. गृहमंत्र्यांची प्रतिस्वाक्षरीही लागते, आणि ८५वं कलम तर म्हणतं की अशा हुकुमाची जबाबदारी प्रतिस्वाक्षरी करणाऱ्या पंतप्रधानाची किंवा मंत्र्याची. अधिकार घटनेनं दिलेला, कागद रीतसर निघालेला, जबाबदारी कलमानुसार दुसऱ्याच्या माथी. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत अशी फाइल केव्हाच बंद झाली असती. अधिकार वापरला की विकला, हा प्रश्न फाइलमध्ये दिसत नाही. तो कुणीतरी बाहेरून विचारावा लागतो.

बाहेरून विचारणारे कोण होते, हे समजण्यासाठी लिथुआनियाची व्यवस्था थोडी पाहू. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून पाच वर्षांसाठी निवडला जातो, त्यामुळे वरवर तो फ्रेंच वळणाचा वाटतो. पण घटना न्यायालयानं जानेवारी १९९८मध्येच ठरवून टाकलं होतं की लिथुआनिया हे मूलतः संसदीय प्रजासत्ताक आहे, अर्ध-अध्यक्षीय पद्धतीची, म्हणजे सत्ता राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात वाटलेल्या पद्धतीची, काही लक्षणं असलेलं. रोजचा कारभार पंतप्रधानाचा. २००३मध्ये ते होते अल्गिर्दास ब्राझाउस्कास, समाजवादी लोकशाहीवादी, स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षाला सेइमास मर्जीनुसार विसर्जित करता येत नाही; सरकारच्या कार्यक्रमावर सेइमास अडून बसली किंवा तिनं अविश्वास ठराव मंजूर केल्यावर सरकारनंच तशी मागणी केली, तरच. आणि तसं केलं तर नवी निवडून आलेली सेइमास तीन-पंचमांश मतांनी राष्ट्राध्यक्षाचीच मुदतपूर्व निवडणूक लावू शकते. म्हणजे बंदूक आहे, पण तिची नळी दोन्ही बाजूंना उघडते.

माझ्या मते या प्रकरणाची खरी किल्ली मात्र ८४व्या कलमातल्या एका दुर्लक्षित उपकलमात आहे. राज्य सुरक्षा विभागाचा प्रमुख आणि लष्करप्रमुख यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि काढतो, पण दोन्ही वेळा सेइमासच्या संमतीनं. महाभियोगाची कलमं सगळेच वाचतात. गुप्तचर खात्याच्या प्रमुखाला सकाळी उठून एका सहीनं घरी बसवता येतं का, हे फारसं कुणी वाचत नाही. ज्या देशांत बसवता येतं, त्या देशांत राष्ट्राध्यक्षाविरुद्धचा कागद तयारच होत नाही. आणि कागदच नसेल तर संसद मतदान घेणार तरी कशावर?

लिथुआनियात कागद तयार झाला. ३० ऑक्टोबर २००३च्या सुमारास विभागाचे प्रमुख मेचिस लाउरिन्कुस यांचं टिपण सेइमासच्या सभापतींकडे पोहोचलं आणि लगेच वर्तमानपत्रांतही. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या माणसांचे संशयास्पद व्यावसायिकांशी लागेबांधे असल्याचे आरोप होते, बोरिसोव यांचं नाव होतं, प्रचारात गुंतलेल्या एका रशियन जनसंपर्क कंपनीचा उल्लेख होता. फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती होत्या. देशभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी नाटो आणि युरोपीय संघ, दोन्हींत प्रवेश व्हायचा होता, आणि राष्ट्राध्यक्षाच्या दारात रशियन सावली दिसते म्हटल्यावर लोक घाबरणार नाहीत तर काय.

पण पुढे काय झालं ते बघा. ६ नोव्हेंबरला सेइमासनं घटना न्यायालयाला फक्त एवढंच विचारलं की हुकूम क्रमांक ४० घटनेला आणि नागरिकत्व कायद्याला धरून आहे का. सेइमासचा चौकशी आयोग समांतर बसला. १८ डिसेंबरला ८६ सदस्यांनी महाभियोगाचा प्रस्ताव दिला, २३ला विशेष चौकशी आयोग नेमला गेला. ३० डिसेंबरला न्यायालयाचा निकाल आला: नागरिकत्व हे केवळ निवडणुकीतल्या आर्थिक आणि अन्य मदतीची परतफेड म्हणून दिलं गेलं, हुकूम घटनाबाह्य. १९ फेब्रुवारी २००४ला विशेष आयोगानं अहवाल दिला आणि त्याच दिवशी सेइमासनं सहा आरोप घेऊन पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावलं. आता प्रश्न होता, राष्ट्राध्यक्षाची ही ठरावीक कृत्यं घटनेचा घोर भंग ठरतात का.

घटना न्यायालयाचं उत्तर ३१ मार्चला आलं, लिथुआनिया नाटोचा सदस्य झाल्यानंतर दोनच दिवसांनी. तीन गोष्टी सिद्ध धरल्या गेल्या. एक, बोरिसोव यांना बेकायदा दिलेलं नागरिकत्व. दोन, तपास यंत्रणा तुमच्या मागे आहेत आणि तुमचा फोन ऐकला जातोय, हे बोरिसोव यांना जाणूनबुजून सूचित करणं, म्हणजे राज्याचं गुपित फोडणं. तीन, झेमाइतियोस केल्याइ या रस्ते बांधणाऱ्या खासगी कंपनीचे समभाग आपल्या जवळच्या माणसांकडे जावेत म्हणून पदाचं वजन वापरणं, त्यासाठी सल्लागाराला कामाला लावणं. रशियन हात, संघटित गुन्हेगारी, ज्यांनी मथळे भरले होते ते सगळं यात कुठे? यादीत नाही. पाकसास पडले ते तीन चिंचोळ्या, तारीखवार, कागदावर दाखवता येणाऱ्या कृत्यांमुळे. राजकीय गदारोळ जितका मोठा तितका आरोप लहान आणि टोकदार ठेवायचा, ही शिस्त त्या पाच महिन्यांत पाळली गेली. मला या प्रकरणात सर्वांत कौतुकाची वाटते ती ही गोष्ट.

८५व्या कलमाची ढालही तिथेच गळाली. प्रतिस्वाक्षरी मंत्र्याची असली तरी हुकुमामागचा हेतू राष्ट्राध्यक्षाचा, आणि घोर भंग त्याच्याच नावावर नोंदला गेला.

या नऊ न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असं ठामपणे बोलता कसं आलं? रचना पाहिली की उलगडा होतो. नऊ वर्षांची एकच मुदत, पुन्हा नेमणूक नाही, दर तीन वर्षांनी एक-तृतीयांश बदल. प्रत्येक वेळी राष्ट्राध्यक्ष, सभापती आणि सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष एकेक नाव सुचवणार, नेमणार सेइमास. दोन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाला यातले सगळे आपले करून घ्यायला वेळच पुरत नाही. पाकसास तर पदावर वर्षभरच होते. न्यायालयाचे अध्यक्ष तेव्हा एगिदियुस कुरिस होते. पुढे ते स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयावर लिथुआनियाचे न्यायाधीश म्हणून गेले.

शेजारच्या बेलारूसमध्ये आठ वर्षांपूर्वी हाच खेळ उलटा झाला होता, आणि विल्नियसहून मिन्स्क दोनशे किलोमीटरही नाही. १९९६मध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांना आपले अधिकार वाढवणारी नवी घटना सार्वमतानं हवी होती. तिथल्या घटना न्यायालयानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगितलं की हे सार्वमत फार तर सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही. लुकाशेन्को यांनी हुकूम काढून न्यायालयाचा निर्णयच झटकून टाकला. निवडणूक आयोगाचे प्रमुख विक्तर गोन्चार यांना पदावरून हटवलं. ७३ खासदारांनी महाभियोगाच्या अर्जावर सह्या केल्या, ७० लागत होत्या. मग मॉस्कोहून पंतप्रधान चेर्नोमिर्दिन समेट करायला आले, न्यायालयातलं प्रकरण रेंगाळलं, काहींनी सह्या मागे घेतल्या, २४ नोव्हेंबरला सार्वमत उरकलं आणि दोन दिवसांत न्यायालयानं प्रकरण बंद केलं. न्यायालयाचे अध्यक्ष वालेरी तिखिन्या यांनी राजीनामा दिला. नव्या घटनेत १२पैकी सहा न्यायाधीश थेट राष्ट्राध्यक्ष नेमणार होते. तिथेही महाभियोगाचं कलम होतं, तिथेही न्यायालयाचा अभिप्राय लागत होता. पोलीस, निवडणूक यंत्रणा आणि दूरचित्रवाणी मात्र एकाच माणसाच्या हातात होती.

पाकसास यांच्या हातात काय होतं? जवळजवळ काहीच नाही. सेइमास २००० साली निवडून आलेली. त्यांचा स्वतःचा पक्ष त्यानंतर फुटून निघालेला, सभागृहात नगण्य. सरकार दुसऱ्यांचं. खात्यांवर हुकमत नाही. उरलं ते लोकांचं थेट मत, आणि त्याच भांडवलावर ते लढले: जुन्या सत्ताधाऱ्यांनी लोकांचा निकाल उलटवायचा कट केला आहे, हा त्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत होता. त्यात अजिबात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्यांना ते हरवून आले होते त्यांना ते गेलेले हवेच होते. पण मार्च २००४च्या अखेरीस त्यांनी स्वतःच आपला खटला कमकुवत केला. सगळ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या बोरिसोव यांनाच त्यांनी आपला सल्लागार नेमल्याचं जाहीर केलं, आणि काही तासांत ती नेमणूक मागे घेऊन दूरचित्रवाणीवर माफी मागितली. परतफेडीचा आरोप न्यायालयात ऐकला जात असताना परतफेड करणं, याला बचाव म्हणायचं तरी कसं.

सेइमासच्या महाभियोग-बैठकीचं अध्यक्षस्थान सभापतीकडे नसतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे जातं. हा बारकावा महत्त्वाचा होता, कारण राष्ट्राध्यक्ष गेले तर हंगामी राष्ट्राध्यक्ष होणार होते ते सभापतीच. मतदान गुप्त. न्यायालयानं तीन कृत्यं घडली आणि ती घोर भंग आहेत हे ठरवून दिलेलं; सेइमासला ते पुन्हा उकरायचा अधिकार नाही. तिनं एवढंच ठरवायचं: काढायचं की ठेवायचं. काम असं वाटून दिलेलं असल्यामुळे सदस्यांना 'हे घडलंच नाही' म्हणून पळ काढता आला नाही, आणि न्यायाधीशांवरही 'तुम्ही लोकनियुक्त माणसाला घालवलंत' हा ठपका पुरता बसला नाही.

आपल्या घटनेच्या ६१व्या कलमाशी ताडून पाहावं असा हा मुद्दा आहे. राष्ट्रपतींवरचा महाभियोग 'घटनेचा भंग' या एकाच कारणानं, एका सभागृहानं दोन-तृतीयांश बहुमतानं आरोप ठेवायचे, दुसऱ्यानं चौकशी करून तेवढ्याच बहुमतानं ठरवायचं. भंग झाला की नाही हेही खासदारच ठरवणार. न्यायालय त्या साखळीत कुठेच नाही. आजवर हे कलम वापरायची वेळ आलेली नाही, त्यामुळे 'भंग' म्हणजे नेमकं काय याचा कस लागलेला नाही.

इथवरची गोष्ट लिथुआनियाला शोभणारी आहे. यापुढची तितकीशी नाही.

नवी निवडणूक १३ जूनला ठरली, आणि पाकसास यांनी उभं राहायचं ठरवलं. घटनेच्या ७४व्या कलमात महाभियोगाचा परिणाम एवढाच लिहिला होता की पदावरून दूर करता येतं. पुन्हा उभं राहू नये, असं त्यात एका अक्षरानं नव्हतं. २२ एप्रिलला केंद्रीय निवडणूक समितीनंही सांगितलं की त्यांना रोखायला आधार नाही. ४ मे रोजी सेइमासनं घाईघाईनं कायदा बदलला: महाभियोगानं काढलेल्या माणसाला पाच वर्षं राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहता येणार नाही. सगळ्या जगाला कळत होतं की हा कायदा एकाच माणसासाठी शिवलेला आहे. पाकसास यांच्या पाठीराख्यांनी तो घटना न्यायालयात नेला.

२५ मेचा निकाल त्यांना अपेक्षित नव्हता तसा आला. बंदी घटनेला धरूनच आहे, न्यायालय म्हणालं, पण पाच वर्षांची मर्यादा घटनाबाह्य आहे. ही बंदी कायमची असायला हवी. युक्तिवाद असा: राष्ट्राध्यक्षाची शपथ ही औपचारिक घोकंपट्टी नाही, ती राष्ट्राशी बांधलेली घटनात्मक बांधिलकी आहे. जिनं एकदा ती घोर रीतीनं मोडली, त्या व्यक्तीनं पुन्हा तीच शपथ घ्यावी तर तिला अर्थ काय उरेल? म्हणून घटनेनं शपथ लागू केलेलं कुठलंही पद, राष्ट्राध्यक्ष, सेइमास सदस्य, मंत्री, न्यायाधीश, त्या व्यक्तीला कधीच नाही. आजन्म. जुलैमध्ये सेइमासच्या निवडणूक कायद्यातही ते घातलं गेलं.

मला हा निकाल वाचताना न्यायालयाची अडचण समजते. काढलेला माणूस दोन महिन्यांत निवडून परत आला असता तर महाभियोगाचा अर्थच संपला असता, ही भीती खोटी नव्हती. पण उत्तर घटनेतून काढलेलं नव्हतं. ते शपथेच्या पावित्र्यातून पिळून काढलेलं होतं. आणि त्यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. खून करून शिक्षा भोगून आलेला माणूस लिथुआनियात पुन्हा निवडणूक लढवू शकत होता, कारण घटनेच्या ५६व्या कलमातली बंदी शिक्षा संपेपर्यंतच. महाभियोगानं गेलेला माणूस मरेपर्यंत नाही.

त्यात भर पडली फौजदारी खटल्याची. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर संरक्षण गेलं आणि गुपित फोडल्याबद्दल पाकसास यांच्यावर खटला भरला गेला. खालच्या न्यायालयानं ऑक्टोबर २००४मध्ये निर्दोष सोडलं, अपील न्यायालयानं मार्च २००५मध्ये दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००५मध्ये पुन्हा निर्दोष ठरवलं. म्हणजे ज्या कृत्याबद्दल घटना न्यायालयानं त्यांना घटनेचा घोर भंग करणारा म्हटलं होतं, त्याच कृत्याबद्दल फौजदारी न्यायालयात ते सुटले. हे परस्परविरोधी आहेच असं नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला. घटनात्मक जबाबदारीत प्रश्न असतो या माणसाकडे हे पद राहू द्यावं का. पहिल्याचं उत्तर 'सिद्ध नाही' आणि दुसऱ्याचं 'राहू देऊ नये' असू शकतं. मात्र मग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जन्मठेपेसारखी शिक्षा जोडणं अधिकच अवघड होऊन बसतं. पदावरून काढणं हा पदाचा बचाव आहे, शिक्षा नाही, असं म्हणायचं आणि वर आयुष्यभराची अपात्रता लावायची, हे दोन्ही एका वेळी कसं चालणार?

पाकसास स्ट्रासबर्गला गेले. ६ जानेवारी २०११ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठानं १४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. महाभियोगाची सुनावणी अन्यायकारक होती ही तक्रार न्यायाधीशांनी दाखलच करून घेतली नाही. ती फौजदारी कारवाई नव्हे, असं कारण दिलं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही त्यांच्या अधिकारकक्षेबाहेरची. पण संसदेसाठी उभं राहण्यावर कायमची आणि कधीच न उठणारी बंदी प्रमाणाबाहेर आहे, आणि कायदा बदलला गेला तो या एका माणसाला रोखण्यासाठी, हे त्यांनी नमूद केलं. हकालपट्टी शाबूत राहिली, आजन्म बंदी कोसळली. निदान स्ट्रासबर्गच्या कागदावर.

विल्नियसमध्ये ती उभीच होती. २०१२मध्ये सेइमासनं साध्या कायद्यानं चार वर्षांची मर्यादा आणून पाहिली. ५ सप्टेंबर २०१२ला घटना न्यायालयानं ती रद्द केली. आमच्या अर्थनिर्णयानं घटनेत ही बंदी आहे, ती हटवायची तर घटनाच बदला, हा त्याचा पवित्रा. घटनादुरुस्तीला तीन महिन्यांच्या अंतरानं दोन मतदानं, प्रत्येक वेळी दोन-तृतीयांश, म्हणजे ९४ मतं. प्रयत्न झाले, मतं जमेनात. पाकसास यांच्या सोयीसाठी घटना बदलली असा शिक्का कुणाला नको होता. २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनंही लिथुआनियाला दोषी धरलं. आणि हे सगळं चालू असताना पाकसास कुठे होते? युरोपीय संसदेत. २००९ ते २०१९, सलग दोन वेळा निवडून. तिथल्या सदस्याला लिथुआनियाच्या घटनेतली शपथ घ्यावी लागत नाही, म्हणून बंदी लागू होत नाही. देशाच्या सभागृहात बसायला नालायक ठरवलेला माणूस त्याच देशाच्या मतदारांच्या वतीनं ब्रसेल्समध्ये दहा वर्षं बसला होता.

अखेर २१ एप्रिल २०२२ला सेइमासनं ७४वं कलम बदललं. घोर भंगाबद्दल किंवा शपथ मोडल्याबद्दल महाभियोगानं काढलेल्या व्यक्तीला घटनात्मक शपथेचं पद आता दहा वर्षांनंतर घेता येतं. त्याच वर्षी २२ मेपासून ही दुरुस्ती लागू झाली. पाकसास यांचं वय तोवर ६५ झालेलं होतं, आणि ६ एप्रिल २००४पासून मोजलेली दहा वर्षं भरूनही आठ वर्षं उलटली होती.